गरज आणि चैन

मारतहळ्ळीस बदलीवर येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी जो भ्रम होतो तो आम्हांलाही झाला. बसवरची पाटी वाचताच वाटले की, ही कोणा मराठा सरदाराची वाडी असावी. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तेव्हा एखादी पागा येथे पडली असेल आणि गावाला नाव चिकटले असेल. शेजाऱ्यांनी हसून दुसरीच कथा सांगितली. येथे तयार झालेल्या 'मरुत' विमानावरून हे नाव पडले म्हणे! पण ते विमान प्रथम उडाले १९६१ साली, आणि गाव त्याहून पुष्कळ जुने. नावाचा निवाडा आम्ही व्युत्पत्तिपंडितांवर सोपवितो. विमानाची गोष्ट मात्र तशी वाऱ्यावर सोडता येत नाही. मारतहळ्ळीहून शहराकडे जाणाऱ्या जुन्या विमानतळ रस्त्याला लागले की, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची लांबच लांब भिंत सुरू होते. आणि त्या कारखान्याच्या पायातला पहिला दगड सोलापूरच्या एका माणसाने ठेवलेला आहे.

त्या माणसाची आठवण आम्हांला झाली ती एका टॅक्सीमुळे. २००३ च्या ऑक्टोबरात मुंबईस नोंदविली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघून गेली. ते वृत्त आले तेव्हा येथील मराठी मंडळींच्या बैठकीत चांगलीच हळहळ झाली. कोणाचे लग्नाचे वऱ्हाड त्या काळ्या-पिवळ्या गाडीतून दादर स्टेशनवर उतरले होते. कोणाच्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून फियाट घेतली होती. बोलता बोलता बैठकीतील एका तरुण अधिकाऱ्याने विचारले, "ज्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत उभे राहत, ती करणारा कारखाना बुडालाच कसा? गिऱ्हाईक दाराशी उभे असताना दिवाळे निघते काय?" प्रश्न साधा होता, पण त्या वेळी कोणालाही सरळ उत्तर देता आले नाही. आम्ही त्यानंतर त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य फायलींवर शेरे मारण्यात गेले आहे, म्हणून ते त्यांच्यापुढे ठेवणे अधिकच अगत्याचे वाटते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या गुजराती जैन व्यापारी घराण्यात झाला. बांधकामाचे ठेके, सिंदिया कंपनीची जहाजे आणि उसाचे मळे हे त्यांचे उद्योग मराठी वाचकांना ठाऊक आहेत. मोटारीच्या कारखान्याची कल्पना मात्र त्यांच्या आधी सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या डोक्यात आली होती. हे गृहस्थ म्हैसूरचे असले तरी आपल्याला परके नाहीत. त्यांनी स्थापत्यशास्त्राची पदवी पुण्यात घेतली, उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या चाकरीत नाशिक, खानदेश आणि पुणे येथे काढली, आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडझाप करणारे दरवाजे त्यांनीच बसविले. १९३५ साली, पंचाहत्तरीच्या घरात असताना, ते मोटारधंद्याची माहिती मिळविण्यासाठी युरोप-अमेरिकेत हिंडून आले आणि परत येऊन त्यांनी कारखान्याची योजना तयार केली. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ त्या योजनेला अनुकूल होते. वालचंद १९३९ साली अमेरिकेस गेले. फोर्डशी त्यांचे जमले नाही. क्रायस्लरशी जमले, आणि १९४० मध्ये तसा करार झाला.

येथवर सारे सुरळीत होते. पण १९३९ च्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि मुंबईचा आधार सुटला. म्हैसूर दरबार हा कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून उत्सुक होता. परंतु संस्थानाची उत्सुकता दिल्लीच्या होकाराशिवाय पांगळी असे. दिल्लीचे मत पडले की, मोटारीचा कारखाना हे युद्धाला लागणारे काम नव्हे. त्यामुळे यंत्रसामग्री आणण्यास अग्रक्रम नाही आणि परकीय चलनही नाही. हे मत ज्या वेळी नोंदले गेले त्याच वेळी सैन्यासाठी परदेशी ट्रकांचे सुटे भाग मुंबईस उतरत होते आणि परदेशी कंपन्यांच्या छपरांखाली जोडले जात होते.

आता भिंतीच्या पलीकडची हकीकत पाहा. अमेरिकेहून परत येताना प्रशांत महासागरावरील विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होता. मोटारीचे बोलणे करून परतणारा माणूस विमानाच्या बोलण्यात गुंतला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी नोंदली गेली. म्हैसूरने भांडवल घातले आणि सुमारे ७०० एकर जमीन दिली; दिवाण सर मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले. पुढच्याच मार्चमध्ये हिंदुस्थान सरकार तृतीयांशाचे भागीदार झाले. १९४१ मध्ये येथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान उडाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपान युद्धात उतरला, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला. वालचंदांना मोबदला मिळाला. कारखाना मात्र गेला.

एकाच माणसाच्या दोन उद्योगांपैकी एकाला 'निकड' म्हटले गेले आणि दुसऱ्याला 'अनावश्यक'. पहिल्याला जमीन, पैसा आणि यंत्रे मिळाली, पण मालकाला तो सोडावा लागला. दुसरा मालकाजवळ राहिला, पण त्याला काहीच मिळाले नाही. मोटारीच्या धंद्याचे पुढील सारे दैव या दोन शेऱ्यांत आम्हांला दिसते.

हे समजण्यासाठी मोटारीच्या कारखान्याचे अर्थकारण थोडे पाहिले पाहिजे. कापडगिरणीत दहा माग कमी घातले तरी कापड निघते. मोटारीचे तसे नाही. दाराच्या पत्र्याला आकार देणारा साचा हजार दारे काढली तरी तेवढ्याच किमतीचा आणि लाख काढली तरी तेवढ्याच किमतीचा. इंजिनाचे ओतकाम, दंतचक्रे कापणारी यंत्रे, रंगाची भट्टी हे सारे पहिली गाडी विकली जाण्याच्या कित्येक वर्षे आधी उभारावे लागते. खर्च आधी आणि मिळकत नंतर. आणि गाड्या थोड्या निघाल्या तर तो खर्च प्रत्येक गाडीच्या माथी जड बसतो. म्हणून जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्याही पैशाच्या अडचणीतून सुटलेल्या नाहीत. दर काही वर्षांनी त्यांना नवा नमुना काढण्यासाठी सर्व ठेवा पणाला लावावा लागतो, आणि नमुना फसला तर दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

वालचंदांनी हे ओझे डोळसपणे उचलले. १९४४ मध्ये त्यांनी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' काढली, मुंबईस कुर्ल्याला कारखाना उभा केला, आणि १९४७ मध्ये तेथून डॉज, डिसोटो, प्लिमथ ही अमेरिकन नावे मिरविणाऱ्या गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची 'हिंदुस्थान मोटर्स' त्याआधी दोन वर्षे स्थापन झाली होती. स्वातंत्र्य आले, पण गिऱ्हाईक आले नाही. प्रचंड अमेरिकन गाडी घेणारे संस्थानिक आणि शेठ किती असणार? त्यातच १९४९ च्या सप्टेंबरात रुपयाचे अवमूल्यन झाले. सव्वातीन रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर पावणेपाच रुपयांना पडू लागला, आणि क्रायस्लरकडून येणारा प्रत्येक सुटा भाग त्या हिशेबाने महागला. त्याच सुमारास वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. ते कामातून निवृत्त झाले आणि १९५३ च्या एप्रिलमध्ये निवर्तले. कंपनीची धुरा बंधू लालचंद यांच्याकडे आली.

या घडीला कुर्ल्याच्या कारखान्याने जी निवड केली ती शहाणपणाची होती असे आमचे मत आहे. डॉलरच्या मुलखातली मोठी गाडी बाजूस सारून त्यांनी इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. १९५४ पासून फियाट ११०० ही आटोपशीर गाडी निघू लागली. तिच्या फुगीर अंगामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि लाडाने म्हटले. सरकारनेही १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीवरून धोरण ठरविले की, ज्यांच्याजवळ गाडी येथेच बनविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच धंद्यात राहावे. नुसते सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना हे मानवले नाही. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यापाठोपाठ फोर्डही १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. मैदान मोकळे झाले. आपल्या कारखान्यांना संरक्षण हवे होते. ते भरपूर मिळाले.

मात्र संरक्षणाबरोबर त्या जुन्या शेऱ्याची नवी प्रतही आली. नियोजनाच्या काळात मोटारगाडी ही धनिकांची चैन ठरली. देशाला धान्य, पोलाद आणि वीज हवी असताना मूठभरांच्या गाड्यांवर परकीय चलन का उधळावे, हा विचार आम्ही टाकाऊ समजत नाही; त्या टंचाईच्या काळात तो प्रामाणिक माणसांनी केलेला प्रामाणिक विचार होता. लक्ष्मीकांत झा यांच्यासारख्या बुद्धिमान अधिकाऱ्याच्या समितीने १९६० मध्ये छोट्या, स्वस्त गाडीची शिफारसही केली होती. तरी धोरणाचा एकंदर कल ठरून गेला. किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरे. कोणता भाग आयात करायचा हे दुसऱ्या परवान्याने ठरे. कोणाला आधी द्यायची हे १९५९ च्या वाटप आदेशाने ठरू लागले, आणि १९६९ मध्ये किंमतही कायद्याने बांधली गेली. त्या किमतीविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात न्यायालयाला 'वाजवी किंमत' म्हणजे काय याचा खल करावा लागला, आणि उत्पादकाला भांडवलावर रास्त मोबदला मिळाल्याखेरीज किंमत वाजवी होत नाही असे सांगावे लागले. ज्या कारखान्याने आपली बुद्धी नव्या इंजिनावर खर्च करावयाची, त्याची बुद्धी वकिलांच्या टिपणांवर खर्च होत होती.

रांगेचे रहस्य येथे उलगडते. गाडीची किंमत बांधलेली आणि संख्याही बांधलेली. मागणी मात्र मोकळी. म्हणून रांग लागली. ज्याला नंबर लागून गाडी मिळे तो ती वरकड पैसे घेऊन विकू शके. गिऱ्हाईक जादा पैसे द्यायला तयार होते, आणि देतही होते. परंतु ते कारखान्याच्या तिजोरीत न जाता नंबरवाल्याच्या खिशात जात. सरकारी कोटा होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या कोट्यातून मिळालेली फियाट दारापुढे उभी राहिली की सारी कॉलनी पाहायला येई. त्या आनंदात आम्हीही लहानपणी भागीदार होतो. कारखान्याला रांग दिसत होती, पण रांगेचा पैसा दिसत नव्हता. आणि रांग असल्यामुळे गाडी सुधारण्याची निकडही वाटत नव्हती. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आलेला फियाट ११०० चा देह पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाला, १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाला, आणि किरकोळ फेरफार सोडले तर २००० सालापर्यंत तोच राहिला. नवा साचा घडवायला पैसा नव्हता हे खरे; पण नवा साचा घडविल्यावाचून अडतही नव्हते हेही तितकेच खरे.

कोणी म्हणेल, सारा दोष सरकारचाच झाला. तसे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण त्याच सरकारच्या छत्राखाली पुण्यास वेगळी गोष्ट घडली. टाटांच्या 'टेल्को'ने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी ट्रकसाठी पंधरा वर्षांचा करार केला. सुमंत मुळगावकर यांनी पहिल्या दिवसापासून हिशेब धरला तो करार संपण्याच्या दिवसाचा. १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या माळावर काम सुरू झाले, आणि त्याच वर्षी संशोधन केंद्र निघाले. साचे आणि यंत्रे स्वतः घडविण्याचा विभाग उभा राहिला, शिकाऊ मुलांच्या तुकड्या तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये करार संपला तेव्हा ट्रकवरचे जर्मन चिन्ह उतरले आणि 'टाटा' ही अक्षरे चढली. पुढे जपानी कंपन्या हलके ट्रक घेऊन भारतात उतरल्या, तेव्हा १९८६ मध्ये पुण्याच्या '४०७' ने त्यांना पुरते तोंड दिले. भाडोत्री ज्ञानाची मुदत संपण्यापूर्वी ते आपलेसे करावयाचे, ही मुळगावकरांची नीती होती.

दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा तर एवढे सांगितलेच पाहिजे की, ट्रक हा नियोजनकारांच्या लेखी गरज होता. धान्य आणि सिमेंट वाहणाऱ्या वाहनाला परवाना लवकर मिळे, आणि नफा शिल्लक राही, तो संशोधनात घालता येई. गाडीला ते भाग्य नव्हते. म्हैसूरच्या माळावर १९४० साली जे झाले, तेच पुढे पुण्यास आणि कुर्ल्यास झाले. ज्याला गरज म्हटले त्याला शिकता आले. ज्याला चैन म्हटले त्याला फक्त तगता आले. तरीही शिकणे हे शेऱ्याने आपोआप घडत नाही. शेरा अनुकूल असूनही शिकायची जिद्द लागते, आणि शेरा प्रतिकूल असता ती दुप्पट लागते. कुर्ल्याच्या चालकांनी १९८५ मध्ये '११८ एनई' ही गाडी काढली, पण तिचा देह इटालियन वंशाचा होता आणि इंजिन जपानी घराण्याचे. चाळीस वर्षे गाड्या केल्यावरही स्वतःच्या आराखड्याची गाडी त्यांच्याजवळ नव्हती.

मधल्या काळात सरकारने स्वतःच चैनीची व्याख्या बदलली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. १९८० च्या सुमारास साऱ्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजार गाड्या होत. मारुतीचा संकल्पच वर्षाला एक लाखाचा होता. परदेशी भागीदार सुझुकीचा वाटा आरंभी २६ टक्के होता, आणि परवाना, चलन, जमीन यांपैकी कशाचीही वाण नव्हती. जे १९४० मध्ये सोलापूरच्या माणसाला नाकारले, ते सारे येथे एका ताटात वाढले गेले. झा समितीच्या शिफारशीनंतर त्याला तेवीस वर्षे लागली.

१९९३ मध्ये गाड्यांच्या धंद्यावरील परवाना उठला आणि निवड करण्याचा अधिकार कुर्ल्याकडे परत आला. चाळीस वर्षे ज्याने निवड केली नाही, त्याने आता एकदम दोन निवडी केल्या. विनोद दोशी हे त्या वेळी कंपनीचे प्रमुख होते; मराठी रसिकांना ते नाटकांचे आश्रयदाते म्हणून परिचित आहेत. कल्याणच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी झाली, आणि कुर्ल्यात पुन्हा फियाटशी. १९९६ मध्ये फियाट युनोची नोंदणी उघडताच अडीच लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. रांग पुन्हा लागली होती! पण गाड्या बाहेर पडेनात. कामगारांशी संघर्ष पेटला, कामे बंद पडली. नोंदणी केलेल्यांनी पैसे परत मागितले आणि दुसऱ्या दुकानाची वाट धरली, कारण आता दुसरी दुकाने होती. प्यूजो परत गेली, कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या हाती गेला, आणि नव्या शतकाच्या तोंडावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. त्या तरुण अधिकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. दाराशी गिऱ्हाईक उभे असताना कारखाना बुडतो, कारण रांग म्हणजे भांडवल नव्हे आणि रांग म्हणजे कसबही नव्हे.

या कथेला एक उपसंहार आहे. प्रीमियरने आयुष्यात गाड्यांसाठी तीन परदेशी घराण्यांचा मुख्य आधार घेतला : क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो. क्रायस्लरने २००९ मध्ये दिवाळे जाहीर केले आणि ती फियाटच्या आश्रयाला गेली. २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि प्यूजो यांचे एकत्रीकरण होऊन 'स्टेलांटिस' हे एकच कुटुंब झाले. कुर्ल्याने ज्यांच्याकडून उसने घेतले त्या तिघांनाही स्वतंत्रपणे उभे राहणे परवडले नाही.

पुणेकरांचा मार्गही फुलांचा नव्हता. १९९८ च्या अखेरीस टाटांनी स्वतःच्या आराखड्याची 'इंडिका' दाखविली. आरंभी तिच्यात दोष निघाले, आणि २००० – ०१ या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा आला. त्याआधी १९९९ मध्ये रतन टाटा आणि त्यांचे सहकारी गाड्यांचा विभाग विकण्याच्या बोलण्यासाठी डेट्रॉइटला फोर्डकडे गेले होते आणि अपमानित होऊन परतले, ही हकीकत टाटा समूहातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१५ मध्ये जाहीर समारंभात सांगितली. विभाग विकला गेला नाही. २००८ मध्ये त्याच फोर्डकडून टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर सुमारे २३० कोटी डॉलरना घेतल्या. तो घासही सहज उतरला नाही. जगावर मंदी कोसळली आणि २००८ – ०९ मध्ये समूहाच्या मोटार कंपनीला एकत्रित हिशेबात सुमारे अडीच हजार कोटींचा तोटा सोसावा लागला. तरी ती तगली. पुण्याच्या माळावर साठवलेले कसब अशा वेळी तारण म्हणून उपयोगी पडले, असे आम्ही मानतो.

आज हाच प्रश्न साऱ्या जगाला नव्याने पडला आहे. पेट्रोलचे इंजिन सोडून विजेकडे केव्हा वळायचे? नवे साचे, नव्या बॅटऱ्या, नवे संगणकीय मेंदू यांवर पैसा आधी घालायचा, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत जुन्या गाडीच्या नफ्यावर जगायचे, हे कोडे भल्याभल्यांना सुटलेले नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगनने २०२४ च्या डिसेंबरात २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करण्याचा समझोता केला. जपानच्या निसानने होंडाशी एकत्र येण्याची बोलणी केली, ती २०२५ च्या फेब्रुवारीत मोडली, आणि मे महिन्यात त्या कंपनीने सुमारे ६७,००० कोटी येनचा तोटा जाहीर केला. भारतात परत आलेल्या फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याचे ठरविले. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईकडे गेला. विजेच्या गाडीत आपले बंगळूर एकेकाळी पुढे होते. येथील मैनी कुटुंबाची 'रेवा' २००१ मध्ये निघाली आणि लंडनच्या रस्त्यांवरही धावली. पण संख्या वाढविण्याइतके भांडवल जवळ नव्हते, आणि २०१० मध्ये तिची मालकी महिंद्रांकडे गेली. कसब होते, भांडवल नव्हते. कुर्ल्याच्या उलटी, पण तितकीच जुनी कथा.

सरकारची लेखणीही पुन्हा सज्ज आहे. मोटारी आणि त्यांचे भाग यांच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून २०२१ च्या सप्टेंबरात २५,९३८ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. कोणाला द्यायचे, कशासाठी द्यायचे, किती वर्षे द्यायचे हे शेवटी कोणत्यातरी टेबलावर ठरते, आणि त्या टेबलामागे आपल्यापैकीच कोणीतरी बसलेले असते. आम्हांला त्या बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते की, फाईल पुढे आली म्हणजे 'गरज' की 'चैन' हा प्रश्न जरूर विचारावा, पण त्यावर थांबू नये. ही मदत संपेल त्या दिवशी या कारखान्याजवळ स्वतःचे असे काय राहील, हा प्रश्नही त्याच कागदावर लिहावा. १९४० मध्ये मोटारीच्या योजनेपुढे तो कोणी लिहिला नाही. १९५३ मध्ये संरक्षण देतानाही लिहिला नाही. कारखान्याच्या चालकांनी तो स्वतःला विचारायला हवा होता. त्यांनीही तो टाळला.

भिंतीपलीकडचा विमानांचा कारखानाही या कसोटीतून सुटलेला नाही. जर्मन तंत्रज्ञ कुर्ट टँक १९५६ मध्ये येथे आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' उभे राहिले. धड आपले होते, पण इंजिन ब्रिटिश. आणि त्याला साजेसे जोरकस इंजिन कधीच मिळाले नाही. एक सुंदर विमान आपल्या खऱ्या वेगाला न पोहोचताच निवृत्त झाले. गरज म्हणून सारे मिळाले तरी शिकणे पुरे झाल्याविना चालत नाही, याची ती साक्ष आहे.

जुन्या विमानतळ रस्त्यावरील संग्रहालयात मरुत ठेवलेले आहे. गेल्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन ते पाहून आलो. परत येताना मारतहळ्ळीच्या पुलाखाली तासभर अडकलो. पुढे-मागे, डावी-उजवीकडे गाड्याच गाड्या होत्या : जपानी, कोरियन, जर्मन, पुण्याच्या, चाकणच्या. धाकट्याने विचारले, "यांतली आपली कोणती?" आम्ही बोट दाखविले खरे, पण उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागले. तेवढ्यात रांग हलली.